उत्तराची वाट

एखाद्या घराचें दार आपण ठोठावतों आणि आंतून कांहींच आवाज येत नाहीं, तेव्हां आपण काय समजतों? घरांत कोणी नाहीं असें समजतों आणि परत फिरतों. घरांत माणूस असेल, त्यानें आपल्याला ओ देखील दिली असेल, आणि ती ओ मागच्या दारानें भलत्याच आळींत निघून गेली असेल, अशी शंका आपल्या मनाला शिवत नाहीं. घरांच्या बाबतींत तें ठीकच आहे. संगणकांच्या बाबतींत मात्र हा प्रकार वरचेवर घडतो, आणि तो लक्षांत न आल्यामुळें भलत्याच्याच माथीं दोष मारला जातो. असा एक दोष एका गरीब मुलाच्या माथीं येतां येतां कसा टळला, ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

विषय तसा कारागिराचा आहे. दोन संगणक एका तारेनें जोडले असतां त्यांच्यामधील दळणवळण बंद पडलें, तर दोष कोठें व कसा शोधावा, एवढाच तो विषय. परंतु तो आपल्या घरापासून फार दूरचा नाहीं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांत सामान्य नागरिकांस इंटरनेटचें दार उघडून दिलें. त्यानंतर कित्येक वर्षें आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं टेलिफोनशेजारीं एक लहानशी पेटी बसलेली असे. तिला मोडेम म्हणत. ती नंबर फिरवी, किरकिरे, शीळ घाली. आणि घरांतील मुलें 'आतां कोणी फोन उचलूं नका हं!' म्हणून वडीलधाऱ्यांना बजावीत. त्या पेटीपासून संगणकापर्यंत जी जाड तार जाई तिचें नांव सीरियल लाइन. आजच्या गोष्टींतील मुख्य आरोपी तीच.

सीरियल म्हणजे एकामागून एक. संगणकाचें प्रत्येक अक्षर आठ खुणांचें बनलेलें असतें, आणि प्रत्येक खूण म्हणजे शून्य किंवा एक. या तारेंतून आठहि खुणा एकदम जात नाहींत. अरुंद बोळांतून माणसें जावींत तशा त्या एकीमागून एक जातात. अक्षर सुरू झालें हें कळावें म्हणून आधीं एक खूण आणि तें संपलें हें कळावें म्हणून शेवटीं एक, अशा दहा खुणा मिळून एक अक्षर पोंचतें. तेव्हां जी तार सेकंदाला ९६०० खुणा नेते, ती सेकंदाला ९६० अक्षरें नेते. हा हिशेब आपण लक्षांत ठेवावा. पुढें तो उपयोगी पडणार आहे. या जोडणीचें आरएस-२३२ नांवाचें प्रमाण अमेरिकेंत १९६० सालीं ठरलें, आणि साधी तार पन्नास फुटांपलीकडे नेऊं नये असा पुढें दंडक पडला. त्याहून दूर जावयाचें तर दोन्ही टोकांस मोडेम बसवून मधें टेलिफोनची तार घालावी लागे.

आतां, इंटरनेटचा कारभार सुट्या अक्षरांचा नव्हे, पाकिटांचा आहे. मजकूर लहान लहान तुकड्यांत कापावयाचा, प्रत्येक तुकडा पाकिटांत घालावयाचा, त्यावर पाठविणाराचा व घेणाराचा असे दोन्ही पत्ते लिहावयाचे आणि तो रवाना करावयाचा, ही त्याची रीत. सीरियल तारेला पाकीट ठाऊक नाहीं. तिला फक्त अक्षरांची रांग ठाऊक. मग एक पाकीट कोठें संपलें हें पलीकडच्यास कसें कळावें? यावर एक अगदीं सोपा तोडगा वापरांत आला, आणि जॉन रॉमकी यांनीं तो जून १९८८ मध्यें लिहून काढला. त्याचें नांव स्लिप. पाकीट संपलें कीं १९२ क्रमांकाचें अक्षर पाठवावें. आणि तेंच अक्षर मजकुरांत आलें तर त्याच्याऐवजीं ठराविक दोन अक्षरें पाठवावींत. बस्स, एवढेंच! हें कांहीं प्रमाण नव्हे, असें रॉमकी यांनीं आपल्या टिपणाच्या मथळ्यांतच प्रांजळपणें सांगून टाकलें आहे. स्लिप पाकिटांतील चूक तपासून पाहत नाहीं, आणि दोन टोकांचे पत्तेहि जुळवून देत नाहीं. पुढें पीपीपी नांवाची पद्धत आली. तिचें प्रमाण जुलै १९९४ मध्यें प्रसिद्ध झालें. ही पद्धत अधिक व्यवहारी. ती आधीं पलीकडच्याशीं बोलाचाली करून पत्ते ठरविते, आणि प्रत्येक पाकिटाच्या शेवटीं पडताळ्याचा आंकडा जोडते.

परंतु स्लिप काय किंवा पीपीपी काय, दोघांचें काम तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच. त्यापुढें पाकीट कोठें जावें हा प्रश्न त्यांचा नव्हे. तो मार्गांचा प्रश्न आहे. त्यास राउटिंग म्हणतात.

खेड्यांतील पोस्टमास्तरास दिल्लीच्या गल्ल्या ठाऊक नसतात, आणि त्याची त्यास गरजहि नसते. गांवांतलें पत्र पोस्टमनच्या पिशवींत आणि बाकीचें सर्व तालुक्याच्या थैलींत, एवढें त्यास कळलें म्हणजे पुरें. संगणकाचेंहि तसेंच. प्रत्येक संगणकाजवळ मार्गांची एक छोटी वही असते. अमुक पेठेचें पाकीट अमुक तारेनें द्यावें, तमुक पेठेचें तमुक यंत्राच्या हवालीं करावें, अशा तिच्यांत दोनचार ओळी असतात. आणि शेवटीं बहुधा एक ओळ अशी असते कीं, वरील कशांतहि न बसणारें सर्व अमक्याकडे द्यावें. या शेवटच्या ओळीस डिफॉल्ट मार्ग म्हणतात. दोन पेठांच्या सीमेवर बसून इकडचें पाकीट तिकडे देणारें जें यंत्र, तें गेटवे.

या व्यवस्थेंतील एक गोष्ट चांगले जाणते लोकहि विसरतात. जाणारें पाकीट ज्या वाटेनें गेलें तीच वाट उत्तराला आपोआप मिळते, असें मुळींच नाहीं. पाकीट आपल्या मागें दोरा सोडीत जात नाहीं. उत्तर देणारा संगणक आपली स्वतःची वही उघडतो, आणि तिच्यांत जें लिहिलें असेल त्याप्रमाणें उत्तर धाडतो. तिच्यांत चूक असेल, तर प्रश्न बिनचूक पोंचूनहि विचारणाऱ्यास कांहींच ऐकूं येत नाहीं.

आतां ती हकीकत. १९९७ च्या पावसाळ्यांतली गोष्ट आहे. एका जुन्या शिक्षणसंस्थेचें ग्रंथालय होतें. संस्थेचें व गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. ग्रंथालयाच्या मुख्य इमारतींत पांचसहा संगणक एकमेकांस जोडलेले होते, आणि त्यांपैकीं एकावर साऱ्या पुस्तकांची सूची होती. वाचनाची खोली मात्र पटांगणाच्या पलीकडे, एका जुन्या वाड्यांत. विद्यार्थ्यास पुस्तक हवें असेल तर त्यानें चिठ्ठी लिहावी, शिपायानें ती घेऊन पटांगण ओलांडावें, आणि पुष्कळदां 'पुस्तक बाहेर गेलें आहे' एवढाच निरोप घेऊन भिजत परत यावें, असा क्रम चाले. म्हणून वाड्यांत एक संगणक ठेवून तो मुख्य इमारतीशीं जोडावा असें ठरलें. पैसा थोडा होता. कोठून तरी दोन जुने मोडेम मिळाले, आणि मधली टेलिफोनची तार ग्रंथालयांत हंगामी कामावर असलेल्या एका मुलानें ओढली. भिंतीच्या कडेनें, कौलांखालून, खिळे ठोकीत त्यानें एकट्यानें तीन दिवस तें काम केलें. जोडणी झाली, पण वाड्यांतील संगणकावर सूची कांहीं दिसेना.

देखरेख समितीचे एक सभासद म्हणाले, "तारच वाईट टाकली आहे. पाणी झिरपत असणार." दुसरे म्हणाले, "पोरांकडून कामें करून घेतलीं कीं असेंच व्हावयाचें." तारेचा दोष कोणी तपासला नव्हता, परंतु ती डोळ्यांना दिसत होती आणि बाकीचें कांहीं दिसत नव्हतें, एवढें कारण पुरेसें झालें. मुलाची त्या कामाची मजुरी थांबविण्यांत आली, आणि पुढल्या महिन्यापासून त्यास कामावरून कमी करावें असें बोलणें सुरू झालें. तेथील ग्रंथपालबाईंचा व आमच्या घराचा घरोबा. मला या यंत्रांचा थोडा नाद आहे हें त्यांना माहीत होतें. त्या म्हणाल्या, "भाऊ, एकदां येऊन पाहा. तार नीट नसती तर तो पोरगा आपण होऊन सांगता."

एका रविवारीं मी गेलों. मुलगा दाराशीं उभा होता. आधीं मोडेम पाहिला. पलीकडच्या मोडेमचा सूर ऐकूं येत असला म्हणजे त्यावर एक दिवा लागतो. तो लागलेला होता. मग पिंगकडे वळलों. माइक म्यूस या अमेरिकन संशोधकानें डिसेंबर १९८३ मध्यें लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम आजहि जवळजवळ प्रत्येक संगणकावर असतो. तो दुसऱ्या संगणकास 'आहेस का?' असें विचारणारें पाकीट पाठवितो, आणि 'आहे' असें उत्तर येण्यास किती वेळ लागला तें सांगतो.

श्रोत्यांच्या सोयीसाठीं मुख्य इमारतीच्या जाळ्यास आपण एक नंबरची पेठ म्हणूं, आणि वाड्याकडच्या तारेस पांच नंबरची पेठ. दोहोंच्या सीमेवर, मुख्य इमारतींत, गेटवे. त्याला दोन तोंडें : एक पांचाकडे, एक एकाकडे. वाड्यांत बसून मीं प्रथम त्याचें जवळचें तोंड विचारलें. उत्तर आलें, सुमारें पाव सेकंदांत आलें. पिंगचें नेहमींचें पाकीट ८४ अक्षरांचें. जाणें व येणें मिळून १६८ अक्षरें. सेकंदाला ९६० या हिशेबानें त्यास सेकंदाचा सुमारें सहावा हिस्सा लागावा, आणि वर मोडेमांचा स्वतःचा थोडा विलंब. म्हणजे वेळ जसा लागावयास हवा तसाच लागत होता. मग हजार अक्षरांचीं मोठीं पाकिटें पाठविलीं. दोन सेकंदांहून किंचित् अधिक वेळानें एकेक उत्तर येऊं लागलें. शंभर पाठविलीं, शंभर परत आलीं. बाहेर पाऊस कोसळत होता, कौलांवरून धारा लागल्या होत्या, आणि त्या तारेंतून एकहि पाकीट गळलें नाहीं. तार निर्दोष होती.

मीं तसें मुलास सांगितलें. त्याचा चेहरा कांहीं खुलला नाहीं. तो म्हणाला, "पण साहेब, सूची तर दिसत नाहीं ना." त्याचें म्हणणें बरोबर होतें. आरोपी सुटला म्हणजे गुन्हा उलगडला असें होत नाहीं.

मग गेटवेचें पलीकडचें, एक नंबरच्या पेठेकडचें तोंड विचारलें. तेंहि बोललें. येथें पुष्कळांची फसगत होते. पलीकडचें तोंड बोललें म्हणजे पलीकडे जातां येतें, असें त्यांस वाटतें. वस्तुतः दोन्ही तोंडें एकाच यंत्राचीं; ओसरीवर उभें राहून हांक मारली तर घरधनी माजघरांतूनहि ओ देतो, पण म्हणून तो आपल्याला परसदारानें पलीकडच्या गल्लींत जाऊं देईलच असें नाहीं. परक्याचें पाकीट एका तोंडानें घेऊन दुसऱ्यानें देण्यास गेटवेला निराळी परवानगी द्यावी लागते, आणि पुष्कळ यंत्रांत ती मुळांत बंद ठेवलेली असते. सूचीचा संगणक विचारला तर तेथें शांतता होती. वाड्यांतूनच मी गेटवेमध्यें शिरलों आणि ती परवानगी पाहिली. बंद! ती चालू केली, कायमच्या फाइलींत तशी नोंद केली, आणि मोठ्या ऐटीनें पुन्हां पिंग सुरू केला. पुन्हां शांतताच.

अशा वेळीं धीर सुटतो तो येथें. एक दोष सांपडला, तो दुरुस्त केला, आणि फळ कांहींच नाहीं. तेव्हां आपण शोधलेला दोष दोषच नव्हता असें वाटूं लागतें, आणि माणूस केलेली दुरुस्तीहि मोडून टाकतो. एकामागें एक असे दोन दोष असूं शकतात, हें तेव्हां आठवत नाहीं. मीं पिंग तसाच चालू ठेवला, मधून मधून बंद केला, पुन्हां चालू केला, आणि मुलास मुख्य इमारतींत काय दिसतें तें पाहावयास पाठविलें. थोड्या वेळानें तो धांवत आला, चिंब भिजलेला. म्हणाला, "साहेब, एक गंमत आहे. तुम्हीं इकडून विचारायला सुरुवात केलीत कीं तिकडचा बाहेरच्या लाइनीचा मोडेम आपोआप नंबर फिरवायला लागतो."

श्रोतेहो, त्या मुलाच्या या एका वाक्यांत सारें उत्तर होतें. मुख्य इमारतींत बाहेरच्या जगाशीं बोलण्यासाठीं आणखी एक यंत्र होतें. बाहेर जाणारें पाकीट आलें कीं तें टेलिफोन लावी. एरव्हीं गप्प बसे. आमचा प्रश्न तर शेजारच्याच खोलींतील सूचीच्या संगणकाला होता. मग बाहेरचा टेलिफोन कां वाजावा? कोणी तरी आमच्या नांवाचें पाकीट बाहेर धाडीत होतें म्हणून!

आम्ही दोघे पटांगण ओलांडून सूचीच्या संगणकापाशीं गेलों. तारेवरून येणारीं जाणारीं पाकिटें डोळ्यांना दाखविणारा टीसीपीडंप नांवाचा प्रोग्राम आहे. कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत तो तयार झाला. तो चालू केला आणि बाईंना वाड्यांतून पिंग करावयास सांगितलें. पडद्यावर ओळी उमटूं लागल्या. वाड्यांतून प्रश्न आला; सूचीच्या संगणकानें उत्तर दिलें. पुन्हां प्रश्न, पुन्हां उत्तर. एकहि चुकलेलें नाहीं. मग त्या संगणकाची मार्गांची वही उघडली. तिच्यांत दोनच ओळी : एक नंबरच्या पेठेचें पाकीट याच जाळ्यावर द्यावें, बाकी सर्व बाहेरच्या यंत्राकडे. पांच नंबरची पेठ अस्तित्वांत आली आहे हें त्या बिचाऱ्यास कोणीं कळविलेंच नव्हतें. वाड्याचें उत्तर तो बाकी सर्वांत घालीत होता, आणि वाड्याला तीनशें पावलांवर पोंचावयाचें उत्तर टेलिफोन लावून परगांवीं निघत होतें.

उपाय एका ओळीचा : पांच नंबरच्या पेठेचें पाकीट गेटवेच्या हवालीं करावें. ती ओळ टाकली. तीच बाहेरच्या यंत्रांतहि टाकली, कारण वाड्यांतून पुढेंमागें बाहेर पत्र पाठविलें तर त्याच्या उत्तरावर हाच प्रसंग आला असता. वाड्यांत परत येतों तों बाई पडद्याकडे बोट दाखवीत होत्या. सूची दिसत होती. त्या म्हणाल्या, "म्हणजे, तो बोलत होता आणि आपल्यालाच ऐकूं येत नव्हतें?" मीं म्हटलें, "मधला रस्ता मोकळा झाल्यापासून त्यानें एकाहि प्रश्नाचें उत्तर चुकविलेलें नाहीं."

गोष्ट येथें संपली असती तर मी फार शहाणा ठरलों असतों. तिसऱ्या दिवशीं वीज गेली, आली, आणि सूची पुन्हां दिसेनाशी झाली. सभासद म्हणाले, "पाहा, शेवटीं तारच!" पण या वेळीं मुलगा गप्प राहिला नाहीं. त्यानें स्वतः क्रमानें पिंग केले, कागदावर तीन ओळी लिहिल्या, आणि त्या टेलिफोनवरून मला वाचून दाखविल्या : जवळचें तोंड बोलतें, पलीकडचें तोंड बोलतें, सूची बोलत नाहीं. मीं कपाळाला हात लावला. गेटवेची परवानगी मीं कायमच्या फाइलींत लिहिली होती. सूचीच्या संगणकांतील मार्गाची ओळ मात्र नुसती तोंडीं सांगितल्यासारखी टाकून आलों होतों. वीज गेल्याबरोबर तो ती विसरला. दोष तारेचा नव्हता, मुलाचा नव्हता, संगणकाचाहि नव्हता, माझा होता. मीं तसें समितीला लिहून कळविलें. मुलास मजुरी मिळाली, आणि त्याचें कामहि राहिलें.

या एका प्रकारापलीकडे सीरियल तारेचे आणखी तीन विकार नेहमीं आढळतात, ते थोडक्यांत सांगतों.

पहिला, तूं जा-मी जा. दोन यंत्रांच्या वह्यांत शेवटची ओळ एकमेकांकडे बोट दाखविणारी असली, कीं ज्याचा पत्ता दोघांनाहि ठाऊक नाहीं असें पाकीट त्यांच्यामध्यें चेंडूसारखें फिरत राहतें. तें अनंतकाळ फिरूं नये म्हणून प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा आंकडा लिहिलेला असतो; प्रत्येक यंत्र त्यांतून एक वजा करतें, आणि शून्य झालें कीं पाकीट टाकून देऊन पाठविणारास तसें कळवितें. याच युक्तीवर व्हॅन जेकबसन यांनीं ट्रेसरूट नांवाचा प्रोग्राम रचला. तो वाटेवरच्या यंत्रांचीं नांवें क्रमानें सांगतो. त्यांत तींच दोन नांवें आळीपाळीनें येऊं लागलीं, कीं रोगाची परीक्षा झाली.

दुसरा, जुना धनी न हटणें. संगणकाच्या वहींत आधींच एक डिफॉल्ट मार्ग असतो, बहुधा घरांतील दुसऱ्या जाळ्याकडचा. मग मोडेम लागतो, पीपीपी जुळते, दिवे लागतात. परंतु जुनी ओळ पुसली जात नाहीं. नेहमींचा पीपीपीचा प्रोग्राम असलेली ओळ आपण होऊन हटवीत नाहीं. परिणामीं तार जिवंत आणि तिच्यावर वाहतूक शून्य. म्हणून जोडणी झाली कीं आधीं वही उघडून पाहावी.

तिसरा विकार खरोखरच तारेच्या जवळचा. लहान निरोप जातात, मोठा मजकूर मात्र मध्येंच अडकतो. पिंग चालतो म्हणून सर्व ठीक आहे असें वाटतें, आणि पत्र उतरवावयास घेतलें कीं तें थांबतें. जुन्या संगणकांत सीरियल तारेवरून येणारें अक्षर ठेवण्यास एकाच अक्षराची जागा असे. संगणक दुसऱ्या कामांत असला कीं नवें अक्षर जुन्यावर पडे. पुढें आलेल्या १६५५० या चिपमध्यें सोळा अक्षरांची जागा झाली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरीहि 'थांब' आणि 'पाठीव' असें सांगणाऱ्या दोन निराळ्या तारा जोडलेल्या असाव्या लागतात. त्यांच्याऐवजीं कोणी १७ व १९ क्रमांकांच्या अक्षरांनीं ही खूण करूं लागला, तर तींच अक्षरें मजकुरांतहि येतात आणि मधल्यामध्यें गिळलीं जातात. शिवाय पाकिटाचा आकारहि पाहावा. आपला तो ९६० चा हिशेब आठवा. पंधराशें अक्षरांचें एक पाकीट दीड सेकंदाहून अधिक वेळ सारी तार अडवून बसतें, आणि त्याच्या मागें आपण टाइप केलेलें एकच अक्षर खोळंबतें. म्हणून मंद तारेवर पाकीट २९६ अक्षरांचें ठेवीत. तें सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंत निघून जातें. असा आकार सुचविणारे जेकबसनच. फेब्रुवारी १९९० मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या युक्तीनें पाकिटावरील ४० अक्षरांचे पत्ते व खुणा तीन ते पांच अक्षरांत बसूं लागल्या.

हें सारें आतां जुन्या काळचें झालें, असें कोणास वाटेल. घरांतील किरकिरणारे मोडेम गेले हें खरें. पण मोठमोठ्या राउटरांच्या पाठीमागें अजूनहि सीरियल तारेचें एक तोंड असतें. सारें जाळें कोसळलें म्हणजे दुरुस्त करणारा माणूस शेवटीं त्याच तारेनें आंत शिरतो. सिमकार्ड घालून दूरवरून आंकडे पाठविणारीं कित्येक छोटीं यंत्रें आजहि आंतल्या आंत सीरियल तारेवर पीपीपीच बोलतात. आणि मार्गांची वही तर आपल्या हातांतल्या फोनमध्येंहि आहे.

माझी वेळ संपत आली. जातां जातां त्या दिवशींचा क्रम पुन्हां एकदां सांगतों. आधीं जवळच्याला विचारावें, मग दूरच्याला. एका वेळीं एकच बदल करावा, आणि केलेला बदल लिहून ठेवावा. एवढें करूनहि शांतताच राहिली, तर पलीकडे जाऊन, ज्याला विचारलें त्याच्यापाशीं उभें राहून पाहावें : प्रश्न आला का? उत्तर निघालें का? आणि निघालें असेल तर कोठें गेलें?

तो मुलगा पुढें याच धंद्यांत पडला. कधीं भेटला म्हणजे त्या पावसाळ्याची आठवण निघते. तो हंसून म्हणतो, "साहेब, अजूनहि कोणी 'तार खराब आहे' म्हटलें कीं मी आधीं विचारतों, परतीची वाट कोणीं पाहिली का?" बहुतेक वेळां ती कोणींच पाहिलेली नसते, असा त्याचा अनुभव आहे.